सावलीतल्या वेलीचं नाव

आंब्याखाली, जिन्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जिथे दुसरं काही धड येत नाही, तिथे जांभळ्या-रुपेरी पट्ट्यांची एक वेल जमीन धरून पसरते. पान उलटं केलं की खालून गर्द जांभळं. पेरापाशी तोडून ओल्या मातीत खोचली की झालं. हिच्यासाठी नर्सरीत जावं लागत नाही, शेजारून मागून आणली की भागतं. कडक उन्हात पानं फिकटतात, अगदीच काळोखात पट्टे मावळतात. मूळची मेक्सिकोकडची. शास्त्रीय नाव ट्रॅडेस्कँशिया झेब्रिना. (हिचं जुनं इंग्रजी नाव ज्यूंची हेटाळणी करणाऱ्या दंतकथेवरून आलंय, ते मी घेत नाही.)

झेब्रिना म्हणजे झेब्र्यासारखी, हे कळलं. पण ट्रॅडेस्कँशिया?

जॉन ट्रॅडेस्कंट नावाचे दोन इंग्रज माळी होते, बाप आणि लेक. बाप १६१८ साली रशियाला जाऊन रोपं घेऊन आला, पुढे राजाचा माळी झाला. लेक १६३७ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियाला गेला. रोपांबरोबर दोघांनी शिंपले, नाणी, पेंढा भरलेला डोडो पक्षी असं काय काय जमवलं आणि लंडनजवळ लँबेथच्या घरी पैसे घेऊन लोकांना दाखवलं.

लेकाचा एकुलता मुलगा १६५२ मध्ये वारला. संग्रहाची यादी छापायला मदत करणाऱ्या इलायस ॲशमोलने १६५९ साली त्याच्याकडून दानपत्र लिहून घेतलं. पुढे मृत्युपत्रात मात्र त्याने सगळं पत्नी हेस्टरला दिलं. १६६२ मध्ये तो गेला आणि ॲशमोल कोर्टात. १६६४ साली निकाल ॲशमोलच्या बाजूने लागला. हेस्टरकडे वस्तू राहिल्या त्या फक्त हयातीपुरत्या. १६७८ मध्ये ती स्वतःच्याच बागेतल्या तळ्यात बुडालेली सापडली. १६८३ साली ऑक्सफर्डला संग्रहालय उघडलं. नाव? ॲशमोलियन.

ॲशमोलने वस्तू विद्यापीठाला दिल्या, म्हणून त्या टिकल्या, हे मान्य. तरीही मन हेस्टरच्याच बाजूने झुकतं. असो.

लिनियसने १७५३ साली व्हर्जिनियातल्या एका रोपाच्या कुळाला ट्रॅडेस्कंटांचं नाव दिलं. आपली वेल त्याच कुळातली.

बापलेकांची कबर लँबेथच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात आहे. ते चर्च पाडायचं ठरलं होतं, ते या कबरीमुळे वाचलं आणि १९७७ पासून तिथे बागांच्या इतिहासाचं संग्रहालय झालं. कबर हेस्टरने बांधून घेतली होती.