कार्यालयातील संगणकांची नावे आणि पत्ते : एक मार्गदर्शन

अमरावती नावाची दोन प्रसिद्ध स्थळे आहेत. एक आपल्या वऱ्हाडातील, दुसरे आंध्र प्रदेशात कृष्णाकाठी. पत्रावर केवळ ‘अमरावती’ लिहिले तर संशय उरतो. पुढे ४४४६०१ हा पिनकोड येताच तो फिटतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत देशभर सुरू झाली. कार्यालयातील संगणकांचेही असेच आहे. नाव माणसाच्या स्मरणासाठी असते, आकडी पत्ता यंत्रासाठी. शाळा, दवाखाने व पतसंस्था यांची कार्यालये सांभाळणाऱ्या वाचकांसाठी विंडोज सर्व्हरवरील डोमेनमध्ये या दोहोंची व्यवस्था कशी लावावी, ते आम्ही येथे देत आहोत.

दोन सेवांची ओळख

नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला डीएनएस म्हणतात. पूर्वी इंटरनेटवरील सर्व संगणकांची नावे एकाच मध्यवर्ती यादीत ठेवली जात. ती यादी आवरेनाशी झाली, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. प्रत्येक संगणकाला आपोआप पत्ता देणारी सेवा म्हणजे डीएचसीपी. तिचे नियम १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. संगणक सुरू होताच तो ‘पत्ता देणारा कोणी आहे काय?’ असा पुकारा करतो. सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, संगणक तो मागून घेतो आणि सर्व्हर त्यावर मान्यतेची मोहोर उमटवतो.

पत्त्यांची वाटणी

कार्यालयाच्या अंतर्गत वापरासाठी राखलेले पत्तेच घ्यावेत. उदाहरणार्थ, १९२.१६८.१० या गटात २५४ यंत्रांना जागा मिळते. त्यांची विभागणी आम्ही अशी सुचवतो :

- १ : राउटर
- १० व ११ : सर्व्हर
- २० ते २९ : प्रिंटर
- १०० ते १९९ : डीएचसीपीने वाटावयाचे पत्ते

सर्व्हरचा पत्ता कायम असावा व तो हाताने भरावा. इतरांना पत्ता मुदतीने मिळतो. विंडोज सर्व्हरवर ही मुदत सहसा आठ दिवसांची असते आणि निम्मी मुदत सरताच संगणक ती वाढवून घेतो. पत्त्यासोबतच राउटर, डीएनएस सर्व्हर आणि डोमेनचे नाव हेही डीएचसीपीनेच कळवावे.

नावांची नोंद

डोमेनचे नाव संस्थेच्या स्वतःच्या नोंदणीकृत नावाखाली ठेवावे. जसे ‘ऑफिस डॉट आमचीसंस्था डॉट इन’. ‘डॉट लोकल’ हा शेवट टाळावा. तो २०१३ पासून वेगळ्या पद्धतीसाठी राखीव आहे.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा : डोमेनमधील प्रत्येक संगणकाने नावाची विचारणा केवळ आपल्या डोमेन कंट्रोलरकडेच करावी. लॉगिन कोठे करावयाचे, हे संगणकाला डीएनएसमधील विशेष नोंदींतूनच कळते आणि त्या नोंदी बाहेरच्या सर्व्हरकडे नसतात. पुष्कळ जण ‘असू द्यावा’ म्हणून दुसऱ्या क्रमांकावर इंटरनेट कंपनीचा डीएनएस भरतात. पहिला सर्व्हर क्षणभर उत्तर देईनासा झाला की संगणक दुसऱ्याकडे वळतो. तेथून ‘असे नाव नाही’ असे उत्तर येते आणि संगणक ते अंतिम मानतो. दुसरा क्रमांक द्यावयाचाच असेल तर तो दुसऱ्या डोमेन कंट्रोलरचा द्यावा. बाहेरची नावे शोधण्याचे काम आपल्या सर्व्हरनेच पुढे पाठवावे; त्याला ‘फॉरवर्डर’ म्हणतात.

वीज जाऊन आल्यानंतर

वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. वीज परत आली की लहानसा राउटर सर्व्हरच्या आधी जागा होतो. त्याची स्वतःची डीएचसीपी सेवा चालू राहिली असेल तर तोच पत्ते वाटतो आणि बाहेरचा डीएनएस सांगतो. मग इंटरनेट चालते, पण लॉगिन अडते, प्रिंटर सापडत नाही आणि प्रवेशाच्या दिवसांत पालकांची रांग खोळंबते. दोष मात्र सर्व्हरच्या माथी बसतो. म्हणून राउटरमधील डीएचसीपी बंदच ठेवावी. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत डीएचसीपी सर्व्हरला अधिकृत करावे लागते. पण हे बंधन विंडोज सर्व्हरपुरतेच असून राउटरला ते रोखत नाही. सर्व्हर व स्विच दोन्ही यूपीएसवर असावेत.

तपासणी

अडचण आल्यास प्रथम ‘आयपीकॉन्फिग ऑल’ ही आज्ञा द्यावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून उत्तर आलेले नाही. पत्ता योग्य, पण डीएनएस परका दिसत असेल तर दुसरे कोणीतरी पत्ते वाटत आहे. दोन्ही बरोबर असतील तर ‘एनएसलुकअप’ने डोमेनचे नाव विचारून पाहावे.

शेवटी एक विनंती. ही सर्व वाटणी एका वहीत लिहून, तारीख घालून कार्यालयातच ठेवावी. व्यवस्था लावणारा माणूस उद्या बदलून जाईल; वही असेल तर त्याच्यावाचून कार्यालयाचे काम अडणार नाही.