दीडशे रुपयांची तोफ

मराठीत एखाद्या घणाघाती वक्त्याला आपण सहज 'मुलूखमैदान तोफ' म्हणून जातो. ही तोफ प्रत्यक्षात कोठे आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. मला ते इयत्ता चौथीतच कळले, कारण आमच्या शाळेची सहल सोलापूरहून विजापूरला गेली होती. त्या काळी हा लोहमार्ग मीटरगेज होता आणि गाडी इतकी रमतगमत जाई की, विजापूर येईपर्यंत आमचे डबे रिकामे झाले होते.

गोलघुमटात मनसोक्त ओरडून झाल्यावर गुरुजींनी आम्हांला शहराच्या पश्चिमेकडील शेरझा बुरुजावर नेले. तेथे ती होती. तोंडाशी जबडा वासलेले सिंहासारखे श्वापद आणि त्याच्या दातांत सापडलेला हत्ती. ऊन रणरणत होते, तरी धातूला हात लावला तेव्हा तो भाजला नाही. गुरुजींनी बोटाच्या पेराने टकटक केली आणि घंटेसारखा बारीक नाद उमटला. आमच्यातला एक सडपातळ मुलगा तर तोफेच्या तोंडात शिरून बसला. त्याला बाहेर काढण्यात गुरुजींचा बराच वेळ गेला.

'मलिक-इ-मैदान', म्हणजे रणांगणाचा स्वामी, हे तिचे मूळ नाव. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, १५४९ साली, मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने ती अहमदनगरला ओतली. लांबी सुमारे चौदा फूट, तोंडाचा व्यास सुमारे अठ्ठावीस इंच आणि वजन अंदाजे पंचावन्न टन. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत ती वापरली गेली, असे परंपरा सांगते. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती व १६३२ साली तेथून विजापूरला आली. १६८६ साली औरंगजेबाने विजापूर जिंकले आणि आपल्या विजयाचा लेख तिच्यावर कोरविला. निजामशाही, आदिलशाही आणि मुघल अशा तीन सत्तांची मालकी तिने पाहिली.

एवढा इतिहास कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत सापडतो. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा एक प्रशासकीय प्रसंग. १८१८ नंतर विजापूर सातारच्या छत्रपतींकडे होते. १८४८ साली ते राज्य खालसा झाले आणि विजापूर थेट इंग्रजी अमलाखाली आले. १८५४ साली निरुपयोगी सरकारी सामानाचा लिलाव निघाला आणि त्या सामानात ही तोफही धरली गेली. सर्वोच्च बोली आली दीडशे रुपयांची. म्हणजे टनाला तीन रुपयेदेखील नाहीत. स्थानिक अधिकाऱ्याला ही रक्कम फारच क्षुल्लक वाटली. शिवाय लोकांची त्या तोफेवर भक्ती आहे, हेही त्याला माहीत होते. प्रकरण वरिष्ठांपर्यंत गेले आणि विक्री रद्द झाली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी या लिलावाचा अनेकदा विचार केला आहे. लिलावात वस्तूची खरी किंमत ठरते, असे आम्हांला शिकविले गेले. परंतु ती ठरते बोली लावायला आलेल्यांपुरती. विजापूरच्या त्या लिलावाला जे आले असतील, त्यांना तोफेत दिसला असेल तो केवळ धातू. येता-जाता तिला हात जोडणारी बाई तेथे बोली लावणार नव्हती; सव्वाशे वर्षांनी तिच्यावर टकटक करणार असलेला चौथीतला मुलगा तर नव्हताच नव्हता. जे बाजारात येऊच शकत नाहीत, त्यांच्या वतीने कोणी तरी बोलावे लागते. त्या दिवशी ते काम एका कागदाने केले.

नोकरीच्या निमित्ताने पुढे बंगालमध्ये फिरताना विष्णुपूर पाहण्याचा योग आला. मल्ल राजांची ही राजधानी तेथील भाजक्या मातीच्या मंदिरांसाठी विख्यात आहे. तेथे 'दलमादल' नावाची सुमारे साडेबारा फुटांची लोखंडी तोफ चौथऱ्यावर ठेवलेली आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर चालून आले, तेव्हा खुद्द मदनमोहन देवाने ही तोफ डागून 'बर्गीं'ना पिटाळले, अशी तिथली श्रद्धा आहे. बर्गी म्हणजे आपण. मी मराठी आहे हे कळताच ती कथा सांगणारे वृद्ध गृहस्थ क्षणभर थबकले, मग हसून म्हणाले, "तुम्ही आलात ते बरे झाले, या खेपेस तोफ रिकामी आहे." मीही हसलो. आपल्या पूर्वजांची बंगालमधील आठवण कशी आहे, हे मात्र त्या तोफेपुढे जितके स्पष्ट कळले, तितके आमच्या शालेय पुस्तकांतून कधी कळले नव्हते.

आता एक कबुली. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, महाराष्ट्राबाहेरच्या एका गावी, माझ्या कार्यालयाच्या फाटकापाशी दोन लहान तोफा चुन्याच्या ओट्यांवर पडून असत. एका वर्षअखेरीस मोडीत काढावयाच्या सामानाची यादी माझ्यासमोर आली. मोडक्या खुर्च्या, टंकलेखन यंत्रे, कूलरचे सांगाडे आणि चौदाव्या क्रमांकावर 'जुनी लोखंडी नळी, नग २'. मी सही केली. यादी बिनचूक होती, समितीचा ठराव जोडलेला होता, लेखापरीक्षणात एकही आक्षेप आला नाही. सामान वजनावर गेले. दुसऱ्या दिवशी शिपायाचा मुलगा, जो रोज संध्याकाळी त्यातल्या एका तोफेवर घोडा-घोडा खेळत असे, रिकाम्या ओट्यापाशी उभा राहून बापाला विचारत होता, "तोफ कुठे गेली?" तेव्हा मला चौदावा क्रमांक कशाचा होता, ते समजले. ट्रक रात्रीच निघून गेला होता.

१८५४ च्या लिलावाची हकीकत माझ्या वाचनात आली ती यानंतर काही वर्षांनी. त्या अधिकाऱ्याला संरक्षणाचा कोणताही कायदा हाताशी नव्हता. माझ्यापाशी १९७२ चा पुरावशेष अधिनियम होता, ज्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते. तरीही त्याची तोफ राहिली आणि माझ्या गेल्या. त्याने बुरुजावरची वस्तू पाहिली होती. मी केवळ यादी पाहिली.

हे वाचणाऱ्यांत सरकारी कचेऱ्यांत, छावण्यांत, रेल्वेच्या वसाहतींत काम करणारे पुष्कळ जण असतील. आपल्या फाटकाशी अशी एखादी तोफ पडलेली असेल, तर ती नोंदवहीत कोणत्या नावाने लिहिली आहे, एवढे एकदा पाहावे. 'तोफ' असे लिहिलेले नसेल तर तसे लिहून घ्यावे आणि पुरातत्त्व खात्याला एक पत्र पाठवावे. काम दहा मिनिटांचे आहे. मला ती दहा मिनिटे तेव्हा सुचली नाहीत.