लाल किनोआ : फायदे काय, शिजवायचा कसा आणि शुगरच्या पेशंटने किती खावा?

शुगर निघाली की घरात पहिली गदा येते ती भातावर. मग कोणीतरी सांगतं, "भात बंद करा, किनोआ खा." मॉलमध्ये आणि ऑनलाइन मिळणारा हा लाल दाणा तांदळापेक्षा बराच महाग असतो. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी तो नेमका काय आहे, हे समजून घेतलेलं बरं.

मूळ कुठलं?

किनोआ (काही जण किन्वा म्हणतात) हे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं पीक आहे. पेरू आणि बोलिव्हियामधले लोक हजारो वर्षांपासून ते पिकवत आले आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष 'आंतरराष्ट्रीय किनोआ वर्ष' म्हणून साजरं केलं आणि त्यानंतर जगभर त्याचं नाव झालं. आता भारतातही त्याची थोडीफार शेती होते.

किनोआ गहू-तांदळासारखा गवताच्या जातीचा नाही. आपण ज्या चाकवताची भाजी खातो, त्याच कुळातली ही वनस्पती आहे. राजगिराही त्याचा नातेवाईकच. पांढरा, लाल आणि काळा असे त्याचे प्रकार मिळतात. बीटाला रंग देणाऱ्या रंगद्रव्यांच्या गटातलीच द्रव्यं लाल दाण्यात असतात.

त्यात असतं काय?

१०० ग्रॅम कच्च्या किनोआत साधारण एवढं मिळतं :

- प्रथिने – १४ ग्रॅम (पांढऱ्या तांदळात सुमारे ७)
- तंतू म्हणजे फायबर – ७ ग्रॅम
- लोह – साडेचार मिलिग्रॅम
- मॅग्नेशियम – सुमारे २०० मिलिग्रॅम
- उष्मांक – ३६८ कॅलरी

शरीराला लागणारी सर्व ९ आवश्यक अमिनो आम्लं त्यात आहेत. मात्र ज्या घरात अंडी, मासे, गोश्त किंवा डाळ-चावल नियमित होतो, तिथे ही गरज तशीही भागते. अशा घरांना खरा फायदा फायबरचा आहे. किनोआत ग्लुटेन नसतं, म्हणून ज्यांना गहू चालत नाही त्यांनाही तो खाता येतो.

शुगरवाल्यांनी हे लक्षात ठेवावं

शिजवलेल्या एक कप किनोआत सुमारे ३९ ग्रॅम कर्बोदके असतात, तर एक कप भातात सुमारे ४५. म्हणजे फरक आहे, पण फार मोठा नाही. फायबर आणि प्रथिने जास्त असल्यामुळे किनोआने साखर भातापेक्षा हळू वाढते. पण "हा तर डाएटचा आहे" म्हणून दोन प्लेट खाल्ल्या तर साखर वाढणारच. एका जेवणाला शिजवलेली एक छोटी वाटी, सोबत भाजी, कोशिंबीर आणि डाळ किंवा चिकन, एवढं बस झालं. किनोआ सुरू केला म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

किडनीचा आजार असेल किंवा वारंवार मुतखडा होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण किनोआत पोटॅशियम आणि ऑक्झलेटही असतात.

शिजवायची पद्धत

दाण्यावर सॅपोनिन नावाचा कडवट थर असतो. बारीक गाळणीत घेऊन, फेस जाईपर्यंत तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा. एक वाटी किनोआला दोन वाट्या पाणी घ्या. उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवा. लाल दाणा पांढऱ्यापेक्षा टणक असतो, त्याला २० मिनिटांच्या आसपास लागतात. दाण्यातून पांढरी शेपटी बाहेर दिसली की तो शिजला. गॅस बंद करून पाच मिनिटं तसाच दम द्या.

आपल्या दस्तरखानावर

- यखनी पुलाव : पाण्याऐवजी गोश्त किंवा चिकनची यखनी वापरा. लाल दाणा मोकळा राहतो, लगदा होत नाही.
- खिचडा : गव्हाऐवजी लाल किनोआ घाला. डाळी आणि गोश्त नेहमीसारखेच.
- सेहरी : कांदा, मटार, अंडं घालून उपमा करा. फायबर आणि प्रथिनांमुळे पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. शुगरच्या पेशंटने रोजे ठेवण्याआधी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.
- इफ्तार : उकडलेले चणे, काकडी, टोमॅटो, पुदिना आणि भरपूर लिंबू घालून कोशिंबीर करा. लिंबामुळे त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र तो फायदा कमी होतो.

किनोआ वनस्पतीचं बी आहे, त्यामुळे हलालचा प्रश्न येत नाही. मसाला घातलेली तयार पाकिटं घेताना मात्र त्यातले घटक वाचून घ्या.

परवडत नसेल तर?

तर वाईट वाटून घेऊ नका. राजगिऱ्यात प्रथिने आणि फायबर जवळपास किनोआइतकेच आणि लोह त्याहून जास्त असतं. नाचणीत कॅल्शियम किनोआपेक्षा कितीतरी अधिक. हे दोन्ही आपल्या जवळच्या किराणा दुकानात मिळतं. किनोआ आवडला आणि परवडला तर आठवड्यातून एक-दोनदा जरूर करा. नाही जमलं तर नाचणीची भाकरी आणि डाळ खाणाऱ्याचं काहीही बिघडत नाही. फक्त ताटातलं प्रमाण सांभाळायला हवं, आणि ते भात, भाकरी, किनोआ सगळ्यांनाच लागू आहे.