उशाखालची पुडी

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर, हाफकिन संस्थेच्या फाटकाशी, हॉर्न एकाएकी थांबतात. कार्बोलिकचा उग्र वास नाकात शिरतो. साल 1897. तुम्ही गिरणीत साच्यावर कामाला आहात आणि तुमच्या पाठुंगळी आई आहे.

चार दिवसांपूर्वी चाळीत उंदीर पडले. काल आईच्या जांघेत गाठ आली. तपासणीवाल्यांनी उजेड यावा म्हणून कौलं उतरवली आणि दारावर इंग्रजी अक्षरं फासली: यू. एच. एच. म्हणजे, राहायला नालायक.

ही वास्तू आधी पाद्र्यांची, मग लाटसाहेबांची. जिथे मेजवान्या झडल्या, तिथे आता प्लेगच्या खाटा. तुमचे पाय अडखळतात. इस्पितळात नेलेलं माणूस परत येत नाही, अशी गिरणगावात बोलवा आहे. मरणारे इतके, की तिला पुरावा शोधावा लागत नाही. गेल्या 29 ऑक्टोबरला हजारेक गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले होते.

आईच्या गाठीवर अळशीचं पोटीस बांधतात. कोणी बघत नाहीसं पाहून तुम्ही उशाखाली रवळनाथाच्या अंगाऱ्याची पुडी सरकवता. जातीजातींनी आपापली प्लेग इस्पितळं काढली ती यासाठीच: आपल्या हातचं पाणी, उशाशी आपलं माणूस. (यात जातीचा अहंकार नव्हता असं कोण म्हणेल? पण भीतीही खरी होती.)

जानेवारीत भायखळ्याला हाफकिनसाहेबाने स्वतःलाच प्लेगची लस टोचून घेतली. दोन वर्षांनी, ऑगस्ट 1899 मध्ये, त्याची प्रयोगशाळा याच वास्तूत येईल. आईला त्या लसीचा उपयोग नाही, ती निरोग्यांसाठी.

कॅप्टन मॉस नावाचा साहेब या साथीचे फोटो काढतो आहे. त्यांत इस्पितळं येतात, खाटा येतात. पुडी कशी येणार? मुंबईचे चित्रकार रणजित कांदळगावकर यांनी अलीकडे या प्लेगवर चित्रं केली, ती सरकारी दप्तरातून निसटलेल्या अशाच गोष्टींच्या शोधात. इस्पितळाचा इतिहास डॉक्टरांनी लिहिला. उशाचा कोणी लिहिलाच नाही, म्हणून तो रेषेनेच काढावा लागतो.

आई पाणी मागते. तुम्ही तांब्या उचलता, आणि हॉर्न पुन्हा सुरू होतात.

जवळच, टाटा हॉस्पिटलच्या फुटपाथवर, एक बाई चादर अंथरून डब्यातला भात कालवते आहे. शेजारी प्लास्टिकची फाइल उघडी पडली आहे. रिपोर्टांच्या मधोमध, कागदाची चार घड्या घातलेली पुडी.