वैधव्यशोक (महाराष्ट्र)

पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीने अंगावर वागवायची शोकचिन्हे व त्यांमागील रूढी. माणूस गेले की सुतक साऱ्या घराला लागते आणि दहा दिवसांनी फिटते. तेराव्यानंतर घर व्यवहाराला लागते. बिजवराला तर वर्षाच्या आत स्थळेही येत. विधवेचा शोक मात्र फिटण्यासाठी नव्हताच. या रूढी कशा ढिल्या झाल्या हे पाहताना एक गोष्ट ठळकपणे दिसते: केवळ मतपरिवर्तनाने वा कायद्याने त्या हटल्या नाहीत, ज्यांच्या हातून रूढी घडते, ते हात थांबले तेव्हाच हटल्या. सतीची चाल घ्या: 1772 मध्ये थेऊरला थोरल्या माधवराव पेशव्यांमागे त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या, त्याचा गौरवच झाला. पण चितेभोवती जमाव असे, म्हणून सरकारला तिथे हात घालता आला. 1829 मध्ये बंगालमध्ये व पाठोपाठ मुंबई इलाख्यात सतीबंदी झाली. 1856 च्या कायद्याने पुनर्विवाह वैध ठरला खरा, पण पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क त्यासरशी जाई, आणि समाजाचा धाक तर कायम होता: 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. केशवपनाची गोष्ट वेगळी. त्याला वस्तरा लागे, म्हणून 1890 च्या सुमारास कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनीच विधवांचे केस कापण्यास नकार दिला. शास्त्रार्थाच्या वादांपेक्षा हा नकार अधिक मर्मावर बसणारा होता.

केशवपन ही मुख्यतः ब्राह्मणी चाल, अनेक जातींत पाट, म्हणजे विधवेचा पुनर्विवाह, लागत असे. मग साऱ्या महाराष्ट्राला एका मापाने का मोजावे, असा आक्षेप घेता येईल. तो अर्धाच खरा आहे. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, हळदीकुंकवातून वगळणे हे पाट लावणाऱ्या जातींतही होते. हे शोकाचे सहज प्रकटीकरण आहे, हा दुसरा बचाव तर टिकतच नाही. तसे असते तर विधुराच्याही अंगावर काही खूण उरली असती. ही चिन्हे सर्वांत चिवट ठरली, कारण ती उतरवणारे हात आप्तस्त्रियांचे, शेजारणींचे असतात आणि तेही प्रेत उचलण्याच्या घाईत, जेव्हा त्या बाईला विरोध करण्याचे भान नसते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथांविरुद्ध ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. अशा ठरावाने कोणाला शिक्षा होत नाही, म्हणून तो पोकळ, असे म्हणणारे आहेत. पण त्या घाईच्या वेळी एखाद्या जावेला किंवा लेकीला वडीलधाऱ्यांपुढे ‘गावाचा ठराव आहे’ एवढे म्हणण्याचा आधार तो देतो, आणि या रूढीपुरता हा आधार दंडाच्या कलमापेक्षा अधिक उपयोगाचा आहे.