पुढील स्थानक: बेंगळुरू मेट्रोतील भाषा, नाव आणि आवाज

बेंगळुरूची 'नम्म मेट्रो' २० ऑक्टोबर २०११ रोजी बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी रस्ता या मार्गावर प्रथम धावली. 'नम्म' म्हणजे आपली. या 'आपली'त कोणाकोणाचा समावेश होतो, हा प्रश्न जून २०१७ मध्ये, पहिला टप्पा पूर्ण होत असताना, ऐरणीवर आला. फलकांवर व उद्घोषणांत कन्नड आणि इंग्रजीच्या जोडीने हिंदी असण्याला कन्नड कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला. 'हिंदी बेडा', म्हणजे हिंदी नको, ही मोहीम समाजमाध्यमांतून पसरली. कन्नड विकास प्राधिकरणाने मेट्रो प्रशासनाला जाब विचारला. प्रशासनाने केंद्राच्या त्रिभाषा धोरणाकडे बोट दाखविले. काही स्थानकांवरील हिंदी अक्षरे झाकली गेली, काहींना काळे फासले गेले. जुलैअखेर मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी हिंदी वगळून फलक नव्याने करण्याची भूमिका केंद्राला पत्राने कळविली आणि हिंदी हटली.

या वादाची नोंद बहुधा अस्मितेचा उद्रेक अशी केली जाते. ती अपुरी आहे. हिंदीच्या समर्थनार्थ पुढे केलेला मुद्दा प्रवाशांच्या सोयीचा होता. पण सोय हाच निकष मानला, तर मातृभाषकांच्या संख्येनुसार बेंगळुरूत तमिळ, तेलुगू आणि उर्दू यांचा क्रम हिंदीच्या आधी लागतो. शिवाय दिल्ली मेट्रो हिंदी व इंग्रजी या दोनच भाषांत बोलते. मग तिसऱ्या भाषेचे कर्तव्य दक्षिणेकडेच का, हा मोहिमेचा खरा प्रश्न होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर कोणी दिल्याचे दिसत नाही.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न अडचणीचा वाटावा. मुंबईच्या उपनगरी गाडीत 'पुढील स्टेशन' म्हटल्यावर त्याच नावाची हिंदी आणि इंग्रजी आवर्तने होतात. आपल्या कानांना ती इतकी सवयीची आहेत, की त्यांत धोरण आहे हेच आपण विसरलो आहोत.

फलक आणि उद्घोषणा यांत एक भेद आहे. फलकावरील नको असलेली ओळ नजरेआड करता येते. आवाज टाळता येत नाही. शिवाय आवाजात क्रम असतो: कोणती भाषा आधी आणि कोणती नंतर, हे प्रत्येक स्थानकाला नव्याने ऐकू येते. नम्म मेट्रोतील कन्नड उद्घोषणांचा परिचित आवाज अभिनेत्री व निवेदिका अपर्णा यांचा. ११ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली ती या आवाजाच्या आठवणीने. त्यांच्या 'मुंदिन निल्दाण'मधील 'निल्दाण' या शब्दात 'निल्' म्हणजे थांबणे आणि 'ताण' म्हणजे जागा. हा 'ताण' संस्कृत 'स्थान'चा तद्भव. आपले 'ठाणे' त्याच कुळातले.

सप्टेंबर २०२५ मध्ये वाद नावाकडे वळला. बांधकाम चालू असलेल्या शिवाजीनगर स्थानकाला सेंट मेरीचे नाव देण्याची शिफारस करू, असे सिद्धरामय्या यांनी तेथील सेंट मेरी बॅसिलिकेच्या वार्षिक उत्सवात सांगितले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हा शिवछत्रपतींचा अवमान असल्याची टीका केली. कन्नड आग्रहाकडे दुरून पाहणारे मराठी मन येथे एकाएकी बेंगळुरूच्या स्थानकाचे हक्कदार झाले.

त्या हक्कामागचा इतिहास खरा आहे. १६३८ मध्ये विजापूरकरांनी केम्पेगौडाच्या वंशजाकडून बेंगळुरू घेतले, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारी जयराम पिंड्ये याने 'राधामाधवविलासचंपू' रचला, वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. संस्कृताखेरीज मराठी, कन्नड, हिंदवी अशा नाना भाषांतील कविता त्यात आहेत. स्वतः जयराम बारा भाषांचा अभिमान सांगतो. या ग्रंथाचा दाखला देऊन 'बेंगळुरू मुळातच बहुभाषिक, मग आज भांडण कशाला?' असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु चंपूतील साऱ्या भाषा एकाच श्रोत्याकडे, सिंहासनावरील शहाजींकडे, तोंड करून उभ्या आहेत. तेथे भाषांची संख्या हे राजाचे भूषण होते. कोणती आधी उच्चारावी, हे ठरविण्याचा अधिकार बोलणाऱ्यांच्या समाजांना नव्हता. स्थानकावर एकच आवाज लाखोंना उद्देशून बोलतो आणि ऐकणारे त्याला जाब विचारू शकतात.