नवरदेवाच्या पुढचा बाजा

तुळशीचं लग्न लागलं की बुलढाणा जिल्ह्यातल्या बँडवाल्यांची वही उघडायची. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, देऊळगाव राजा अशा तालुक्याच्या गावी बाजारपेठेत एखादी खोली, दारावर रंगीत पाटी, आत भिंतीला टांगलेली पितळी वाद्यं आणि खुंटीवर लाल-निळे कोट. मुलाचा काका नाहीतर मुलीचा मामा तिथी सांगायचा, सुपारी द्यायचा आणि मास्तर नाव लिहून घ्यायचे. दाट तिथीला दुपारचं लग्न एका गावी आणि रात्रीची वरात दुसऱ्या गावी, अशी धावपळ व्हायची. नवरदेव मारुतीच्या देवळात जायचा तो बँडच्या मागे. मंगलाष्टकं संपून "वाजवा रे वाजवा" अशी आरोळी उठली की पहिला ठोका बँडचा. आणि मुलगी सासरी निघाली की क्लॅरोनेटवर 'नीलकमल' सिनेमातलं पाठवणीचं गाणं. ते वाजू लागलं की बापही तोंड फिरवून उभा राहायचा.

इतका घरचा झालेला हा बाजा मुळात इथला नाही. त्याचं कूळ शोधत गेलं की आधी लष्कराची छावणी लागते, आणि तिच्याही मागे युरोपातले पितळकाम करणारे कारागीर.

साध्या नळीत फुंकलं तर ठरावीक स्वरच निघतात. बिगुलावर म्हणूनच इशारे वाजतात, गाणं वाजत नाही. ही अडचण जर्मन वादक-कारागिरांनी सोडवली. 1818 मध्ये श्टोल्झेल आणि ब्ल्युमेल या दोघांनी बर्लिनमध्ये झडपेचं पेटंट घेतलं. पहिली कळ दाबली की हवेला जादा नळीतून फेरा पडतो आणि सूर एका पूर्ण स्वराने उतरतो, दुसरीने अर्ध्याने, तिसरीने दीड स्वराने. तीन कळा आणि ओठांचा ताण, एवढ्या बळावर बाराही स्वर हाताशी आले. पुढे 1840च्या दशकात पॅरिसमध्ये आदोल्फ साक्स याने छोट्यापासून मोठ्यापर्यंत एकाच घडणीच्या पितळी वाद्यांचं कुटुंबच तयार केलं. बँडमध्ये शेवटी चालणारा माणूस जो प्रचंड भोंगा अंगाभोवती गुंडाळून घेतो, तो सूसाफोन मात्र अमेरिकेतला. जॉन फिलिप सूसा या बँडमास्तराच्या सूचनेवरून तो 1890च्या दशकात घडला.

कळांची वाद्यं शिकायला सोपी आणि पुरवायला परवडणारी होती, त्यामुळे ती आधी कामगारांच्या हातात गेली. वेल्समधल्या मर्थर टिडफिल गावात लोखंडाच्या कारखान्याचा मालक रॉबर्ट थॉम्प्सन क्रॉशे याने 1838 मध्ये सायफार्थफा बँड उभा केला. खाणीच्या आणि भट्टीच्या मुलखात असे बँड गावोगाव झाले. सायफार्थफाची वाद्यं आणि स्वरलिपीच्या वह्या आज तिथल्या संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत. हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या बँडची वही कोणत्या संग्रहालयात पाहायला मिळते, हा प्रश्न या कथेच्या शेवटी पुन्हा उभा राहणार आहे.

हिंदुस्थानात ही वाद्यं पलटणींबरोबर आली. लष्करी बँडमास्तर घडवण्यासाठी इंग्लंडमध्ये नेलर हॉल ही शाळा 1857 मध्येच सुरू झाली होती. बुलढाणा तेव्हा वऱ्हाडात. 1853च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला तो हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी. या फौजेची एक मोठी छावणी जालन्याला होती, म्हणजे देऊळगाव राजाच्या अगदी शेजारी. पूर्वेला नागपूरजवळ कामठीची छावणी. कवायत, साहेबाचं आगमन, अंत्ययात्रा, प्रत्येक प्रसंगाला छावणीत वाद्यं वाजायची. त्यातच कापसाने हा मुलूख मुंबईशी जोडला. भुसावळहून निघालेली रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करत 1867 मध्ये नागपूरला पोचली, आणि खामगावच्या कापसासाठी जलंब ते खामगाव असा फाटा 1870 मध्ये सुरू झाला. कापूस मुंबईला जाऊ लागला आणि मुंबईची हौस उलट्या वाटेने येऊ लागली.

बँड छावणीबाहेर पडायला आणखीही वाटा होत्या. गोव्यात चर्चच्या पाठशाळांतून मुलांना स्वरलिपी आणि वाद्यं शिकवली जात, तिथले वादक मुंबईत आणि संस्थानांत नोकरीला गेले. संस्थानिकांनी आपापले बँड ठेवले. 1918च्या सुमारास साथीत पोरक्या झालेल्या मुलांना गोळा करून अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी मैहर बँड घडवला आणि बंदुकीच्या नळ्यांपासून नलतरंग केला. वाद्यांचा पुरवठा मेरठहून होऊ लागला. लष्करी बँडमध्ये काम केलेले नादिर अली यांनी 1885 मध्ये तिथे पेढी काढली, आधी वाद्यं आयात केली, आणि 1911 पासून घडवायला सुरुवात केली. मेरठची जली कोठी ही गल्ली आजही देशभरच्या बँडवाल्यांचं माहेर आहे.

आता गावाकडे येऊ, कारण खरी उलथापालथ तिथे झाली. वऱ्हाडातल्या लग्नात वाजंत्री पूर्वीही होती. सनई, सूर, संबळ, डफडं. पण हे वाजवणं जातीला बांधलेलं होतं. वाजवणारा मातंग, महार किंवा गुरव, आणि त्याची मजुरी बलुत्याच्या हिशेबात. मांडवात त्याचा सूर हवा असे, पंगतीत त्याचं पान मात्र वेगळं किंवा शेवटी. आंबेडकरी चळवळीने गावकीची कामं नाकारायला शिकवलं, तेव्हा डफडं खाली ठेवणं हासुद्धा स्वाभिमानाचा भाग झाला.

बँडने त्या जागी वेगळा करार आणला. बलुतं नाही, सुपारी. ठरलेली रक्कम, ठरलेली वेळ, अंगात कोट, डोक्याला टोपी आणि प्रमुखाला 'मास्तर' ही हाक. अनेक ठिकाणी बँडमध्ये दलित आणि मुसलमान वादक खांद्याला खांदा लावून उभे राहिले. जात काही त्यामुळे पुसली गेली नाही. न्यूझीलंडमध्ये शिकवणारे संगीताभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी भारतातल्या बँडवाल्यांमध्ये हिंडून 'ब्रास बाजा' हे पुस्तक 2005 मध्ये लिहिलं. मिरवणुकीत सगळ्यांत पुढे चालणारा माणूस समाजात मागेच ठेवला जातो, हे वास्तव त्या अभ्यासातून ठळकपणे समोर येतं. तरीही त्या कोटाची किंमत कमी लेखता येणार नाही. साहेबाच्या पलटणीचा पोशाख अंगावर चढवून गावच्या रस्त्याने ताठ चालत जाणं, ही त्या माणसाने स्वतः मिळवलेली गोष्ट होती.

वाद्यं परदेशी, पण वाजवण्याची रीत इथलीच राहिली. स्वरलिपी बाजूला पडली. मास्तर ओळ वाजवणार, बाकीचे ऐकून उचलणार. ट्रंपेट आणि युफोनियम एकाच सुरावटीत त्या ओळीच्या मागे. मोठा ढोल, साइड ड्रम, झांज आणि खुळखुळे ठेका धरणार. पुढारपण क्लॅरोनेटकडे गेलं त्यालाही कारण आहे. त्याच्या छिद्रांवर बोट अर्धवट सरकवून सूर घसरवता येतो, आणि कानाला सनईची मींड सवयीची होतीच. मास्टर इब्राहिम यांनी सिनेमाची गाणी क्लॅरोनेटवर वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या, त्यांनी ही गोडी आणखी पसरवली.

बँडच्या भरभराटीला खरं बळ दिलं ते सिनेमाने. 1952 मध्ये आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झालं आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले. विविध भारती 1957 मध्ये सुरू झाली. पण रेडिओ किती घरांत होता? खेड्यातल्या माणसाला नवं गाणं अंगणात, समोर, हात लांब केला तर शिवता येईल इतकं जवळ ऐकायला मिळायचं ते बँडकडून. 1954 च्या 'नागिन'मधली बीनची धून तर बँडची कायमची मालमत्ता झाली. ती मूळ वाजली क्लॅव्हिओलिन या विजेच्या वाद्यावर, कल्याणजींच्या हातून. वरातीत ती क्लॅरोनेटवर उतरली आणि एक पोरगा तोंडात रुमाल धरून गारुडी झाला, दुसरा धुळीत लोळून नाग. 'नया दौर', 'आदमी सडक का' या सिनेमांतल्या गाण्यांशिवाय वरात पुढे सरकेना. 1970 च्या 'सच्चा झूठा'मध्ये तर राजेश खन्नाच बँडवाला झाला आणि बहिणीच्या लग्नाचं स्वप्न बघत वाजवू लागला. त्या वर्षी कोट घातलेल्या कित्येक पोरांची छाती फुगली असेल.

पुण्यात प्रभात बँडसारखी नावं गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीने घराघरांत पोचली. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात नाव व्हायचं ते लग्नातच, तोंडोतोंडी. फरमाईश आली की नोट नवरदेवावरून ओवाळली जायची आणि मास्तर ती वाद्य न थांबवता उचलायचा. गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन रात्रभर चालणाऱ्या बायाही याच ताफ्यातल्या. त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नसे.

उतरण एका दिवसात लागली नाही. आधी बँडच्याच पोटात विजेची वाद्यं शिरली. 1980च्या दशकात कॅसिओ आला, रोलँडचा ऑक्टापॅड आला, आणि बेंजो आला. बेंजोची कथा वेगळीच लांबची. जपानमधल्या नागोयात 1912 मध्ये गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून ताइशोगोतो केला, तोच हिंदुस्थानात बुलबुलतरंग आणि बेंजो झाला. कर्णा लावलेल्या हातगाडीवर बेंजो, कॅसिओ, ऑक्टापॅड आणि एक गायक आला की चार ट्रंपेटवाले कमी करता येत. खानदेशाला लागून असलेल्या मलकापूर-मोताळ्याकडे तर अहिराणी गाण्यांच्या ठेक्यावर गायकच पुढे आला आणि क्लॅरोनेट मागे गेलं.

मग डीजे. इथे आवड बदलली असं म्हणून विषय संपवला जातो, ते पुरेसं नाही. हिशेबच बदलला. बँड म्हणजे पंधरा-वीस माणसांची मजुरी, जेवण, गाडी, कोटांची धुलाई आणि पावसाळ्याचे रिकामे महिने. डीजे म्हणजे एक ट्रॅक्टर, जनरेटर आणि दोन माणसं. शिवाय मोबाइल आल्यावर मूळ गाणं प्रत्येकाच्या खिशात आलं. 2016 मध्ये 'झिंगाट'वर नाचणाऱ्या पोरांना त्या गाण्याची सुरावट नको होती, तेच ध्वनिमुद्रण हवं होतं, छातीत बसणाऱ्या त्याच दणक्यासकट. गाणं गावात आणणारा म्हणून बँडला जो मान होता तो त्या दिवशी संपला. आवाजाचे 2000 सालचे नियम रात्री दहानंतर सगळ्यांनाच गप्प करतात. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा घालतात. पण रात्रीची वरात हीच बँडची मोठी कमाई, आणि भिंती थरथरवणाऱ्या डीजेच्या अपराधाची शिक्षा बँडलाही भोगावी लागली.

करोनाने उरलंसुरलं हिरावलं. मार्च 2020 ची टाळेबंदी ऐन लग्नसराईच्या तोंडावर लागली. पुढच्या वर्षी, एप्रिल 2021 मध्ये, राज्याने लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तासांची मर्यादा घातली. पंचवीस माणसांच्या लग्नात वीस जणांचा बँड कुठे उभा राहणार? सलग दोन हंगाम बुडाले. पितळ मोडीच्या भावातही विकलं जातं, ही या धंद्यातली दुखरी सोय आहे.

तरी बाजा अगदी बंद पडलेला नाही. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत, गणपतीत, एखाद्या हौशी घरच्या लग्नात कोट पुन्हा दिसतात. काही घरं डीजे नको म्हणून मुद्दाम बँड सांगू लागली आहेत. पण हे वाजवणं कुठेही लिहिलेलं नाही. कोणत्या गाण्याला कोणती सुरुवात, 'नागिन'ची धून कुठे तोडायची, पाठवणीच्या गाण्यात कुठे श्वास घ्यायचा, हे सगळं साठी-सत्तरीच्या मास्तरांच्या बोटांत आणि छातीत आहे. बुलढाणा ज्याच्या कक्षेत येतो त्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाने लोककलांच्या अभ्यासात या बँडना जागा द्यावी, मास्तरांना वाद्यांसह बोलावून त्यांचं वाजवणं मुद्रित करावं आणि सुपारीच्या जुन्या वह्या मागून घ्याव्यात. पाटी उतरवलेल्या कितीतरी दुकानांच्या वह्या अजून घराच्या माळ्यावर पडून असतील. तिथी, गाव, रक्कम आणि वादकांची नावं त्यांत शाईने लिहिलेली आहेत.